वाघ दिसला, बाई दिसली का?

(नागपूर इथे बचत गटांच्या आणि महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन.)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय ‘ग्रामीण पर्यटन : महिलांसाठी रोजगाराची संधी’ असा छापलेला आहे. संधी आहे, हे मी नाकारत नाही. पण ‘संधी’ हा शब्द कानावर आला की दोन प्रश्न विचारायची सवय चळवळीनं आपल्याला लावली आहे. संधी कोणाला, आणि कोणाच्या कष्टावर? आज हे दोन प्रश्न घेऊन आपण रामटेक-पेंचच्या बाजूनं एक फेरी मारणार आहोत. मी त्या भागातल्या गावांमध्ये बचत गटांचं आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारींचं काम करते. त्यामुळे जे सांगते आहे ते बहुतेक सगळं बायकांच्या बैठकांमधून आलेलं आहे.

आधी पाहुणा काय बघतो ते पाहू. नागपूरहून जबलपूर रस्त्यानं निघालं की मनसर येतं. मनसरला मॅंगनीजची खाण आहे आणि उत्खननात सापडलेले वाकाटक काळातले अवशेषही आहेत. तिथून वळलं की रामटेक. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. गडावर रामाचं मंदिर, कालिदासाचं स्मारक, पायथ्याशी अंबाळा तलाव, जवळच खिंडसीचा तलाव आणि त्यात नावा. सरळ पुढे गेलं तर चोरबाहुली, पवनी, देवलापार, आणि आत सिल्लारीचं फाटक. तिथून पेंचचं जंगल. पाहुणा सकाळी वाघ बघतो, दुपारी जेवून झोपतो, संध्याकाळी पुन्हा जंगलात जातो, आणि दुसऱ्या दिवशी वाटेत रामटेकचा गड करून घरी परततो. माहितीपत्रकात एवढंच असतं.

आता या माहितीपत्रकात काय नाही ते सांगते. सुरुवात रामटेकपासूनच करू.

रामटेकला गेलेल्या प्रत्येकाला सांगितलं जातं की इथे कालिदासानं ‘मेघदूत’ लिहिलं. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं पुष्कळ विद्वान मानतात. १९९७ साली तिथे कालिदासाच्या नावानं संस्कृत विद्यापीठही झालं. चांगलं आहे. पण रामटेकच्या जवळच नगरधन नावाचं गाव आहे. किल्ला पाहायला लोक तिथे जातात आणि भोसल्यांच्या काळाबद्दल ऐकून येतात. हेच नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकाळात तिथून राज्याचा कारभार एका बाईनं चालवला. तिचं नाव प्रभावतीगुप्ता.

ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. वाकाटकांच्या दुसऱ्या रुद्रसेनाशी तिचं लग्न झालं होतं. नवरा अकाली गेला, मुलं लहान होती, आणि राज्य तिनं सांभाळलं. तिनं जमिनी दान दिल्याचे ताम्रपट आज उपलब्ध आहेत. त्यातला एक नंदिवर्धनाहून दिलेला आहे, दुसरा रामगिरीच्या स्वामीच्या, म्हणजे रामटेकच्या, पायांपाशी दिलेला आहे. २०१५ ते २०१८ या काळात राज्याचं पुरातत्त्व खातं आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला उत्खनन केलं, तेव्हा तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. त्यावर ब्राह्मी अक्षरं आहेत आणि शंख आहे.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. ताम्रपटात ती स्वतःचं गोत्र ‘धारण’ असं सांगते. हे तिच्या माहेरचं गोत्र. सासरचं गोत्र विष्णुवृद्ध होतं. सोळाशे वर्षांपूर्वी ही बाई सरकारी कागदावर माहेरचं गोत्र लावत होती, आणि आज आपल्या गटातल्या बायकांना बँकेच्या पासबुकावर कोणतं आडनाव लावायचं यावरून तीन-तीन चकरा माराव्या लागतात! (हशा) ती सम्राटाची लेक होती, तिच्यामागे माहेरची मोठी सत्ता होती, हे विसरायचं नाही. ती काही आपल्यासारखी कष्टकरी बाई नव्हती. पण रामटेकला येणाऱ्या पाहुण्याला यक्षाच्या विरहाची गोष्ट कळते आणि राज्य करणाऱ्या बाईची कळत नाही. हे आपोआप होत नाही. गोष्ट सांगणारा कोण आहे, त्यावर ते ठरतं. म्हणून मी म्हणते, आपल्या मुली गाइड झाल्या पाहिजेत, त्या पगारासाठी तर झाल्याच पाहिजेत, पण गोष्ट कोणती सांगायची ते ठरवण्यासाठीही झाल्या पाहिजेत.

आता जंगलाकडे वळू.

पेंच १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्प. आपल्या विदर्भात ताडोबा सगळ्यात जुनं, १९५५ सालचं. नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, बोर २०१४ मध्ये, आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला २०१२ मध्ये अभयारण्य. म्हणजे नागपूरच्या चारही बाजूंना वाघ आहे आणि वाघामागे पर्यटक आहे. जंगल राहिलं तर पाणी राहील, हे मला मान्य आहे. नागपूर शहर जे पाणी पितं त्याचा मोठा भाग पेंच नदीवरच्या धरणातून, नवेगाव खैरीहून येतो. वाघाच्या नावानं का होईना, ते पाणलोट टिकलं, याचं भान मला आहे. माझं भांडण वाघाशी नाही. त्या जंगलात कोण कसं जातं, यावर माझं बोलणं आहे.

पाहुणा जंगलात उघड्या जिप्सीत, शासनाची पावती घेऊन, गाइड सोबत घेऊन जातो. गावातली बाई पायी, एकटी किंवा दोघी-तिघी मिळून, बऱ्याचदा चोरून जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर जनावरं खातात. म्हणून बाई अंधारातच निघते आणि वाकून वेचते. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं जंगलातले जुने लोक सांगतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा. दिवसभर पानं तोडायची, रात्री घरी बसून पुडे बांधायचे, सकाळी फळीवर नेऊन द्यायचे. हा पैसा शाळेच्या वह्यांचा, पेरणीच्या बियाण्याचा, मुलीच्या बाळंतपणाचा.

१० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात वाघांच्या गणनेच्या कामावर असलेली एक महिला वनरक्षक अशीच गेली. ती सरकारी कामावर होती, पायी होती, आणि तिच्या हातात काठीशिवाय फार काही नव्हतं. या बातम्या दोन दिवस आल्या आणि गेल्या. वाघिणीला नाव असतं, नंबर असतो, तिच्या बछड्यांचा हिशोब असतो. मेलेल्या बाईचं बातमीत वय येतं आणि नवऱ्याचं नाव येतं.

आमच्या एका बैठकीत पासष्ट वर्षांच्या एक आजी म्हणाल्या, “बाई, वाघ पाहाले येनाऱ्याईले गाडी. अन् आमाले म्हंते, जंगलात जाऊ नोका. मोहा काय घरी चालत येते का?” याला माझ्याजवळ एका वाक्यात देता येईल असं उत्तर नव्हतं. पण याच प्रश्नापासून आपल्याला सुरुवात करावी लागेल. जंगलातून मिळणारं जे उत्पन्न बाईच्या हातचं होतं, ते कमी होत चाललं आहे. त्याच्या जागी पर्यटनाचं उत्पन्न आलं असेल, तर ते बाईच्या हातात आलं का? की ते घरातल्या दुसऱ्याच्या हातात गेलं?

म्हणून पर्यटनातून गावात कोणती कामं आली ते एकेक करून पाहू.

पहिलं काम जिप्सीचं. गाडी घ्यायला भांडवल लागतं, तारण लागतं. जमीन कोणाच्या नावावर? पुरुषाच्या. म्हणून गाडी पुरुषाची. आता ताडोबाच्या भागात काही बायका जिप्सी चालवायला शिकल्या आहेत, ही फार आनंदाची गोष्ट आहे. पण चालवणं आणि मालकी या दोन गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा.

दुसरं काम गाइडचं. पेंचमध्ये आणि ताडोबात मुली गाइड म्हणून काम करतात. त्यांच्याशी बोलल्यावर कळतं की पक्ष्यांची नावं शिकणं त्यांना कठीण गेलं नाही. जंगल तर त्यांना लहानपणापासून पाठ होतं. कठीण गेलं ते दुसरंच. एकीचा नवरा म्हणायचा, “परक्या मानसाईसंगं जंगलात फिरते, लोक काय म्हनतीन?” दुसरीला पाहुणा विचारायचा, “कोणी जेन्ट्स गाइड नाही का?” तिसरीनं सांगितलं, की पहाटेच्या फेरीला जायचं म्हणून ती आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही, कारण चार-पाच तास गाडीतून उतरता येत नाही. पाळीच्या दिवसांत तर ती फेरीच सोडून देते, म्हणजे त्या दिवसांची मजुरीही सोडून देते. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली, तेव्हा काही जणांना तो शहरी बायकांचा लाडिकपणा वाटला. जंगलाच्या फाटकावर उभं राहिलं की तो रोजीचा प्रश्न आहे हे कळतं.

तिसरं काम हॉटेल-रिसॉर्टांमधलं. इथे बायका भरपूर आहेत. झाडू, फरशी, भांडी, चादरी, बागेतलं गवत. स्वयंपाकघरात मुख्य आचारी बाहेरून आणलेला पुरुष, आणि कांदे चिरायला गावची बाई. ज्या हातानं घरी रोज स्वयंपाक होतो, त्याच कामाचा पगार सुरू झाला की ते काम पुरुषाचं होतं, ही गंमत तुम्ही सगळीकडे पाहिली असेल. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये आला, तर कामाचं नावच बदललं. तो ‘कुक’, ती ‘हेल्पर’.

चौथं काम म्हणजे घरगुती निवास, ज्याला आता सगळे होम-स्टे म्हणतात. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या गटाकडे याच योजना येणार आहेत.

एका गावात आम्ही फळ्यावर एका दिवसाचं काम मांडलं. पाहुणे सकाळच्या फेरीला जाणार. त्यांना पाच वाजता चहा हवा. म्हणजे बाई चारला उठणार. आंघोळीचं पाणी चुलीवर तापवायचं. पाहुणे गेले की खोली झाडायची, संडास धुवायचा, चादरी धुवायच्या. दहा वाजता ते परत येणार, तोवर नाश्ता. मग जेवण. पाहुण्यांना गावचं जेवण हवं असतं, म्हणून पाटवडीचा रस्सा, सांबारवडी, अंबाडीची भाजी, आणि लांबपोळी. लांबपोळी तुम्हाला माहीत आहे. सैल कणीक हातावर झुलवत झुलवत रुमालासारखी मोठी करायची आणि उलट्या मडक्यावर टाकायची. ही कला आहे, ती करताना बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजतात. पाहुणे त्याचा व्हिडिओ काढतात. मग दुपारचा चहा, संध्याकाळची तयारी, रात्रीचं जेवण, भांडी. मधल्या वेळात स्वतःच्या घरचं सगळं आहेच. सासूचं औषध आहे, शेतातली निंदणी आहे.

फळ्यावर हे सगळं लिहून झाल्यावर आम्ही दुसरी रांग मांडली. पुरुषाचं काम. पाहुण्यांचा फोन घेणं, रस्त्यावर जाऊन त्यांना घेऊन येणं, रात्री शेकोटीपाशी गप्पा मारणं, आणि पैसे घेणं. आता तर पैसे नोटांनीही येत नाहीत. भिंतीवर चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर फोन धरला की पैसे जातात. मी विचारलं, “हा कागद कोणाच्या खात्याचा?” बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. तेवढ्यानं मला उत्तर मिळालं.

याला रोजगार म्हणायचं का? घरकाम वाढलं, आणि त्याला मोल आलं, पण ते मोल बाईपर्यंत पोचलं नाही. म्हणून ‘पाहुणा हा देव’ वगैरे जे आपण ऐकतो, त्याचा हिशोब एकदा करून पाहायला हवा. देवाची पूजा करते बाई, आणि दक्षिणा जाते दुसऱ्याला.

२०२३ साली महाराष्ट्र शासनानं ‘आई’ या नावानं महिलांसाठी पर्यटन धोरण आणलं. व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळण्याची त्यात तरतूद आहे. योजना चांगली आहे, तिचा फायदा घ्या. पण सावध राहा. आपण महिला सरपंचांच्या बाबतीत काय पाहिलं? सही बाईची, कारभार नवऱ्याचा. इथेही नाव बाईचं, कर्ज बाईचं, आणि धंदा दुसऱ्याचा, असं होऊ शकतं. कर्ज बुडालं तर बँकेचा माणूस मात्र बाईच्याच दारात येईल. म्हणून कर्जाच्या आधी घर. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराला तुमचं नाव लागलं आहे का ते बघा. ते लागल्याशिवाय पाहुण्यासाठी खोली बांधू नका.

आता एक नवी गोष्ट सांगते, ती थोडी वेगळी आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे अंधाराचं उद्यान. शहरात दिव्यांमुळे तारे दिसत नाहीत, इथे दिसतात. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांमधले रस्त्यावरचे शंभराहून जास्त दिवे बदलले आणि त्यांचा उजेड फक्त खाली जमिनीवर पडेल असं केलं. रात्रीच्या जनावरांसाठी, पाखरांसाठी, किड्यांसाठी हे फार चांगलं आहे. उजेड वर आकाशात वाया जाण्यापेक्षा खाली रस्त्यावर पडला तर बाईच्याही सोयीचं आहे. आपल्या मुली आकाशात दुर्बीण लावून गुरू-शनी पाहतील, ही कल्पना मला फार आवडते.

पण आपण ज्या काळात या कामात आलो, तेव्हा गावात दिवा मागणं ही बायकांची पहिली मागणी असायची. संडासला रात्री जाताना अंधार, त्यात साप, त्यात टवाळ पोरं, आणि या भागात बिबट्या. म्हणून अंधार विकायला काढताना त्या अंधारात रोज वावरणाऱ्यांना विचारलं पाहिजे. घराघरात संडास आहे का? त्यात पाणी आहे का? हातपंपापासून घरापर्यंतच्या वाटेवर खाली पडणारा उजेड पुरेसा आहे का? दिवा कुठे हवा आणि कुठे नको हे बायकांच्या सभेत ठरलं, तर तारेही राहतील आणि बाईही सुखरूप घरी पोचेल. या दोन गोष्टींचं एकमेकींशी भांडण नाही. फक्त दुसरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक बाब बोलायलाच हवी. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी संध्याकाळी ‘आदिवासी नृत्य’ ठेवण्याची पद्धत पडली आहे. गोंड समाजाचा नाच हा लग्नाचा, सणाचा, पिकाचा नाच. तो सगळ्यांचा मिळून असतो. तोच हिरवळीवर, खुर्च्या मांडून, हातात ग्लास घेतलेल्या लोकांसमोर करायचा झाला की त्याचा अर्थ बदलतो. एका मुलीनं मला सांगितलं की नाचून झाल्यावर एका पाहुण्यानं तिचा हात धरून सोबत फोटो काढायला लावला. मालक म्हणाला, “जाऊ दे, गिऱ्हाईक आहे.” तिनं घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचंच काम सुटलं असतं.

लैंगिक छळाच्या विरोधातला २०१३ चा कायदा त्या मुलीलाही लागू आहे, हे आपण गावोगाव सांगायला हवं. राजस्थानातल्या भंवरी देवींवर १९९२ साली अत्याचार झाला तो सरकारी योजनेचं काम करताना झाला, आणि त्यातून १९९७ मध्ये विशाखा निकाल आला. म्हणजे या कायद्याचं मूळच खेड्यातल्या काम करणाऱ्या बाईत आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तुमच्या जिल्ह्यातल्या समितीवर कोण आहे, ती कुठे बसते, हे शोधून त्याचा कागद प्रत्येक फाटकावर आणि प्रत्येक रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात लावायचं काम आपलं.

पाहुण्यांच्या वागण्याबद्दल बोलते आहे, तर एक प्रसंग आठवून देते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात गोठणगावच्या बाजूनं जिप्सींनी एक वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून अडवले. फोटो काढायचे होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइडांवर कारवाई झाली. योग्यच झालं. पण माझ्या मनात आलं, की पैसे देऊन बघायला आलेल्याची ही जी नजर आहे, तीच नजर संध्याकाळी हिरवळीवर नाचणाऱ्या मुलीवर पडते. तिथे जिप्सी अडवायला कोणी नसतं.

इतकं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग पर्यटन नकोच का? तसं मी म्हणत नाही. पाहुणा येणं वाईट नाही. पाहुणा येण्याच्या अटी आपल्या असाव्यात, एवढंच. याची उदाहरणं आपल्या जवळच आहेत. वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीकाठी ब्रह्मविद्या मंदिर आहे. १९५९ साली विनोबांनी ते खास स्त्रियांसाठी सुरू केलं. तिथल्या भगिनी शेती करत आल्या, स्वतःचा स्वयंपाक स्वतः, निर्णय एकमतानं. लोक तिथे पाहुणे म्हणून जातात, पण त्यांच्या वेळेप्रमाणे, त्यांच्या नियमाप्रमाणे. कोणी तिथे चहा केव्हा मिळेल म्हणून हुकूम सोडत नाही. त्यांचं अध्यात्म आपल्याला पटो न पटो, बायकांनी चालवलेल्या जागेत पाहुणा कसा वागतो, हे तिथे बघायला मिळतं. सेवाग्रामला गेलात तर बापू कुटी पाहून थांबू नका, शेजारची बा कुटीही पाहा. आणि गडचिरोलीत मेंढा-लेखा. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली सामूहिक हक्क मिळालेलं देशातलं हे सुरुवातीचं गाव, २००९ साली. आमच्या गावाचा कारभार आम्ही करू, असं त्यांनी ठरवलं आणि निर्णय ग्रामसभेत घेतले. बाहेरून येणारा माणूस तिथे ग्रामसभेला विचारून येतो.

म्हणून माझ्या मनात बायकांच्या नजरेनं आखलेल्या दोन दिवसांच्या फेरीचं एक चित्र आहे. त्यात नगरधनला प्रभावतीगुप्तेची गोष्ट गावातलीच मुलगी सांगेल. मोहाच्या झाडाखाली मोह वेचणारी आजी पाहुण्याला सांगेल की फूल कधी गळतं आणि आता ती जंगलात का जाऊ शकत नाही. दुपारी लांबपोळी करून दाखवली जाईल, आणि ती करून दाखवण्याचा वेगळा मोबदला असेल. रात्री तारे बघितले जातील. आणि वाघ दिसला तर दिसला.

यासाठी काय करायचं, ते थोडक्यात सांगते.

एक. प्रत्येक साध्या ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद आपल्या राज्यात आहे. पर्यटनाचा कोणताही ठराव तिथून पुढे गेला पाहिजे. दिवे, संडास, नाच, दारू, रिसॉर्टला जाणारं पाणी, सगळं.

दोन. घर आणि खातं बाईच्या नावावर. भिंतीवरचा तो ठिपक्यांचा कागद बाईच्या किंवा गटाच्या खात्याचा असला पाहिजे.

तीन. होम-स्टेचा दर ठरवताना बाईच्या तासांची मजुरी त्यात वेगळी लिहा. एका घराला पाहुणे सलग येत असतील तर गटानं पाळी लावा, म्हणजे एका बाईचं कंबरडं मोडणार नाही आणि पैसाही दहा घरांत फिरेल.

चार. फाटकावर आणि जंगलातल्या थांब्यावर बायकांसाठी पाण्यासह संडास. ही मागणी वनखात्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

पाच. २०१५ पासून जन-वन विकास योजनेतून गावांना मदत येते, व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे फाटकाचे पैसे जमतात. त्यातलं किती गावात आलं आणि कशावर खर्च झालं, हे गावच्या समितीला विचारा. समितीवर बायका किती आहेत, हेही विचारा. नुसत्या नावाला नाही, बोलणाऱ्या बायका.

सहा. मोह-तेंदूच्या हंगामात एकटीनं जाऊ नका. गटानं जा, आवाज करत जा, आणि वनरक्षकाला सांगून जा. पण जाणं हा तुमचा हक्क आहे, हे वनहक्काच्या दाव्यात लिहून घ्या. तोंडी कबुलीवर विसंबू नका.

शेवटी एवढंच. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या भागात रस्ते झाले, हॉटेलं झाली, महामार्गाखालून जनावरांना जायला वाटाही झाल्या. पेंचमधून जाणाऱ्या रस्त्याखाली साडेसातशे मीटर लांबीचा एक भुयारी मार्ग केवळ जनावरांसाठी आहे. कॅमेरे लावून पाहिलं तर वाघ तिथून खरंच जातात. ठरवलं तर सरकार मुक्या जनावरासाठीसुद्धा वाट काढू शकतं, याचा हा पुरावा आहे. आपल्याला तर तोंड आहे. येत्या महिला ग्रामसभेत ते उघडा, आणि काय झालं ते पुढच्या बैठकीत सांगायला या.